गारेपासून गाभ्यापर्यंत

संयुक्त राष्ट्रांनी २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला आणि २०२५ पासून तो पाळला जाऊ लागला. याच तारखेला, २०२३ मध्ये, फ्रेंच हिमशास्त्रज्ञ क्लोद लोरियुस गेले. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेले बुडबुडे म्हणजे जुन्या हवेचे नमुने, हे ओळखणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. त्यांच्यावर चित्रपटही निघाला. त्याच बर्फाचं पाणी मोजत आयुष्य काढलेले त्यांचे सहकारी, रसायनशास्त्रज्ञ झाँ जूझेल, मात्र आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाहीत. हिमनदी दिनी त्यांची दखल घ्यायला हवी.

जूझेल यांचा जन्म १९४७ चा, ब्रिटनीतल्या शेतकरी घरातला. लियाँमध्ये औद्योगिक रसायनशास्त्र शिकून ते पॅरिसजवळच्या साक्ले इथल्या अणुऊर्जा प्रयोगशाळेत आले आणि प्रबंधाला विषय मिळाला गारांचा. मार्चमधली गार म्हटली की आपल्याला द्राक्षबागा, आडवा झालेला गहू आणि रखडलेले पंचनामे आठवतात. जूझेल यांनी गार चिरून पाहिली. ढगात खालीवर हेलकावे खात ती कांद्यासारखी थराथरानं वाढते. थरातल्या पाण्यात जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम, किती आहे हे मोजलं की तो थर ढगात साधारण किती उंचीवर, किती थंडीत गोठला ते कळतं. कारण वाफ थंड होऊ लागली की पाण्याचे जड रेणू आधी खाली उतरतात, हलके मागे राहतात. ध्रुवाकडे निघालेल्या वाफेचंही तेच होतं. म्हणून अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या एखाद्या थरात ड्युटेरियम जितकं कमी, तितका तो काळ थंड. अतिथंड ढगात वाफेचे थेट हिमकण होतात तेव्हा मात्र हा साधा हिशेब थोडा घसरतो. तो कसा सावरायचा, हे जूझेल आणि लीलियान मर्लिव्हा यांनी १९८४ मध्ये मांडलं. बातमी व्हावी असं त्यात काही नव्हतं. पुढची मोठी विधानं उभी राहिली ती अशाच कामावर.

व्होस्टॉक हा अंटार्क्टिकाच्या पठारावरचा, तेव्हाचा सोव्हिएत तळ. १९८३ च्या जुलैत तिथं उणे ८९.२ अंश तापमान नोंदवलं गेलं. तिथं रशियन तंत्रज्ञ बर्फात भोक पाडत खाली खाली चालले होते. शीतयुद्ध ऐन भरात असताना त्यांनी काढलेला बर्फ अमेरिकी विमानांतून निघाला आणि फ्रेंच प्रयोगशाळांत पोचला. हवामान परिषदांमधली आजची रस्सीखेच पाहताना हा व्यवहार खरा वाटत नाही. १९८७ च्या ऑक्टोबरात ‘नेचर’मध्ये जूझेल आणि सहकाऱ्यांचे तीन निबंध एकत्र आले: दोन किलोमीटरहून लांब गाभा, म्हणजे भोकातून काढलेला बर्फाचा दंड, आणि त्यात १,६०,००० वर्षांचा इतिहास. तापमान आणि कार्बन डाय ऑक्साइड यांचे आलेख एकमेकांची पाठ सोडत नव्हते. हिमयुगात दहा लाख भागांत १९० च्या आसपास, उबदार काळात २८० च्या आसपास. आज हा आकडा ४२० च्या वर आहे.

इथं एक अडचणीचा प्रश्न होता: आधी कोण, तापमान की वायू? हवामानबदल न मानणाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं वापरला. जूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कधी झाकला नाही. सुरुवात पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि कलातल्या संथ बदलांनी होते, वायू ती ऊब वाढवतो, असंच ते सांगत आले. शिवाय बुडबुडा भोवतीच्या बर्फापेक्षा वयानं लहान असतो. हिम दबत दबत सुमारे शंभर मीटर खाली जाईपर्यंत त्यातली हवा वरच्या हवेत मिसळत राहते, आणि व्होस्टॉकला तेवढं खाली जायला काही हजार वर्षं लागतात. वयातला हा फरक नेमका काढणं कठीण. २०१३ मध्ये जूझेल यांचा सहभाग असलेल्या गटानं तो नव्यानं काढला, तेव्हा शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस तापमान आणि वायू दोन्ही जवळपास एकाच वेळी चढले असं दिसलं. वादात सोयीचं तेवढंच सांगून मोकळं होण्याची घाई त्यांनी केली नाही, हे मला त्यांच्या कोणत्याही पदापेक्षा मोठं वाटतं.

पदंही आली. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक संस्थेच्या विज्ञानविषयक कार्यगटाचं उपाध्यक्षपद त्यांनी २००२ ते २०१५ सांभाळलं. २००७ मध्ये त्या संस्थेला शांततेचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अंटार्क्टिकातल्या डोम सी इथं युरोपीय चमूनं काढलेल्या गाभ्यातून ८ लाख वर्षांचं तापमान मांडणारा निबंध आला. त्याचे पहिले लेखक जूझेल होते. ऐकून घेणारे मात्र मिळतातच असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये फ्रान्समधल्या उद्योगपतींच्या मेळाव्यात त्यांनी जीवाश्म इंधनांतली गुंतवणूक थांबवा असं सांगितलं. टोटलएनर्जीज या तेल कंपनीच्या प्रमुखांनी शास्त्रज्ञांविषयी आदर दाखवला आणि प्रत्यक्ष जग वेगळं असतं, असं सुनावलं. ते जग ४२० च्या वर गेलेल्या हवेतच श्वास घेतं, हे तिथं कुणी विचारात घेतलं नसावं.

बर्फाचे गाभे वाचण्याचं हे काम आपल्यालाही परकं नाही. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रात अंटार्क्टिकाचे गाभे शीतकक्षात ठेवून तपासले जातात. स्पितीमधलं ‘हिमांश’ हे हिमनदी अभ्यासाचं ठाणंही याच केंद्राचं. मोहीम निघाल्याची बातमी मराठी वृत्तपत्रांत येते. गाभ्यातून काय निघालं याची क्वचितच.

जानेवारी २०२५ मध्ये डोम सी जवळच युरोपीय चमूनं २,८०० मीटर खाली खडक गाठला. हाती आलेला बर्फ किमान १२ लाख वर्षांचा आहे. हिमयुगांचं चक्र पूर्वी सुमारे ४१ हजार वर्षांचं होतं, ते मध्येच सुमारे लाख वर्षांचं का झालं, हे त्या बर्फाला विचारायचं आहे. त्यातलं ड्युटेरियम मोजायला आता नवी पोरं बसली आहेत.