विश्लेषण : दर ११ महिन्यांनी घर बदलायची वेळ का येते? भाडेवाढीला कायद्याची मर्यादा आहे का?

वाकड असो, खराडी असो की मुंबईतले चेंबूर, करार संपायला महिना-दीड महिना उरला की एजंटचा फोन येतो. ‘रिन्यू करायचंय का? मालक ३ हजार वाढवून मागतायत.’ बिल्डिंगमध्ये चौकशी केली तर शेजारच्या फ्लॅटचे भाडे आणखी जास्त निघते. भाडेकरूला वाटते मालक लुटतो. मालकाला वाटते बँकेचा हप्ताही भाड्यातून सुटत नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मग या ११ महिन्यांच्या चक्रातून नक्की कोणाचे भले होते?

भाडी एवढी का वाढली?

करोनाकाळात आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केले आणि हिंजवडी, बाणेर, खराडीतले फ्लॅट ओस पडले. अनेक मालकांनी तेव्हा भाडे कमी करून भाडेकरू टिकवले. २०२२ नंतर ऑफिसांनी कर्मचाऱ्यांना परत बोलावले आणि सगळे एकदमच घर शोधायला निघाले. त्या वेळी उडी मारलेले भाडे पुन्हा खाली आले नाही.

मुंबईत आणि आता पुण्याच्या जुन्या भागांतही आणखी एक कारण आहे ते म्हणजे पुनर्विकास. इमारत पाडली की तिच्यातली सगळी कुटुंबे एकाच वेळी भाड्याचे घर शोधतात. मुलांची शाळा आणि आजी-आजोबांचा डॉक्टर बदलायचा नसतो, त्यामुळे ती त्याच परिसरात शोधतात. भाडे बिल्डर देणार असतो, म्हणून घासाघीसही फार होत नाही. शेजारच्या गल्लीत स्वतःच्या पगारातून भाडे भरणाऱ्याची गाठ अशा ग्राहकाशी पडते.

घरे नाहीत असेही नाही. २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात २०११ च्या जनगणनेच्या आधारे दिलेला आकडा आजही चक्रावून टाकतो. मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती. देशातल्या कोणत्याही शहरापेक्षा ही संख्या जास्त होती. शहरी भारतात भाड्याने राहणाऱ्यांचे प्रमाण १९६१ मध्ये ५४ टक्के होते, ते २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले, असेही त्यात नोंदवले आहे. घराला कुलूप लावून ठेवणे परवडले, पण भाडेकरू नको, असे लाखो मालकांना का वाटते?

मालकाला भीती कशाची?

या भीतीला इतिहास आहे. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ मध्ये आला. जुन्या जागांचे प्रमाणित भाडे त्याने १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. फाळणी आणि टंचाईच्या काळात ते गरजेचे होते. पण पुढे अर्धे शतक ते तसेच राहिले. महिन्याला काहीशे रुपये भाडे येणाऱ्या इमारतीची डागडुजी कोण करणार? दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या पागडीच्या चाळी आणि इमारती खिळखिळ्या झाल्या त्यामागचे हे एक मोठे कारण. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे गोठवलेले भाडे आता समर्थनीय नाही, असा निकाल दिला. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला.

मालकांच्या मनात जास्त खोल रुतलेली तारीख मात्र दुसरीच आहे, १ फेब्रुवारी १९७३. त्या दिवशी जे लोक लिव्ह अँड लायसन्सवर राहत होते, त्यांना दुरुस्तीने थेट संरक्षित भाडेकरूचा दर्जा दिला. तात्पुरती म्हणून दिलेली जागा कायमची गेली. ज्यांच्या वडिलांची जागा अशी गेली, त्यांनी ती गोष्ट मुलांना सांगितली आणि ‘जास्त दिवस ठेवला की भाडेकरू मालक होतो’ हा समज पक्का झाला. त्याचाच भाऊबंद म्हणजे ‘१२ वर्षांनी घर त्याचं होतं’ हा समज. मालकाच्या परवानगीने, करार करून राहणारा केवळ १२ वर्षे राहिला म्हणून मालक होत नाही. पण ही भीती व्हॉट्सॲपपेक्षा जुनी आहे, सहज जात नाही.

मग आज कायदा कोणाच्या बाजूने आहे?

सध्याचे बहुतेक करार भाडेकराराचे नसतातच. ते असतात ‘लिव्ह अँड लायसन्स’, म्हणजे राहण्याची परवानगी. बोलताना आपण भाडेकरू म्हणतो, पण कायद्याच्या भाषेत तो परवानाधारक. १९९९ च्या कायद्यातली वर्षाला ४ टक्के वाढीची तरतूद संरक्षित, म्हणजे मुख्यतः पागडीच्या भाडेकरूंसाठी आहे. लिव्ह अँड लायसन्सच्या भाड्याला कोणतीही कमाल मर्यादा नाही. करार संपल्यावर मालक १० टक्के वाढ मागू शकतो, ३० टक्केही मागू शकतो. ‘कायद्यात १० टक्केच बसते’ असे एजंट सांगतात, पण तो बाजाराचा रिवाज आहे.

करार चालू असताना मात्र गोष्ट वेगळी. लिहिलेले भाडे दोघांवर बंधनकारक असते. मध्येच ‘पुढच्या महिन्यापासून २ हजार वाढवा’ म्हणण्याचा अधिकार मालकाला नाही, करारातच तशी वाढ लिहिली असेल तर गोष्ट निराळी.

मुदत संपूनही घर सोडले नाही तर? इथे कलम २४ येते आणि ते मालकाच्या बाजूने चांगलेच भक्कम आहे. मालक थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदत संपल्यापासून ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करारात जे लिहिले आहे तो निर्णायक पुरावा मानला जातो. समन्स मिळाल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागितली नाही, तर मालकाचे म्हणणे मान्य केल्याचे धरतात. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि महिने जातात, हे खरे. तरीही १९७३ ची पुनरावृत्ती होणार नाही याची व्यवस्था कायद्याने केव्हाच केली आहे.

उलट दिशेने पाहिले तर रस्ता मोकळा नाही. राहणाऱ्याचे डिपॉझिट अडकले, रंगकाम आणि ‘डीप क्लीनिंग’च्या नावाखाली ४० हजार कापले गेले, तर त्याच्यासाठी असा जलद मार्ग कुठे आहे? दिवाणी दावा लावायचा, वकील द्यायचा आणि तोवर दुसऱ्या शहरात नोकरी लागलेली असते. ४० हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. सध्याच्या व्यवस्थेतला सर्वात मोठा अन्याय भाडेवाढीत नाही, इथे आहे. मालकाला घर परत मिळावे म्हणून खास यंत्रणा उभी राहिली. भाडेकरूला त्याचेच पैसे परत मिळावेत यासाठी तशी काहीच नाही.

११ महिनेच का?

नोंदणी कायदा, १९०८ नुसार एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी देशभर ११ महिन्यांची पळवाट रुजली. गंमत म्हणजे महाराष्ट्रात तिचा काही उपयोगच नाही. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार इथे लिव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळे होणाऱ्या मालकांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

म्हणजे ज्या कारणासाठी ११ महिने आले, ते कारण राज्यात उरलेलेच नाही. उरली ती सवय. आणि या सवयीचा खर्च किती?

समजा भाडे २५ हजार आणि डिपॉझिट १ लाख. मालकाने १० टक्के वाढ मागितली, म्हणजे महिना अडीच हजार. ११ महिन्यांचे साडेसत्तावीस हजार. भाडेकरूने रागाने घर सोडले तर नव्या ठिकाणी दलालीच महिन्याभराच्या भाड्याएवढी, टेम्पो-हमाली वेगळी, शिवाय जुने डिपॉझिट हातात येण्याआधी नवे भरायचे. हिशेब केला की वाढ परवडते, म्हणून तो ती गिळतो. घर मिळताना होणारी ‘बॅचलर आहात का?’, ‘नॉनव्हेज करता का?’ ही उलटतपासणी या हिशेबात धरलेलीच नाही.

आता मालकाची बाजू. भाडेकरू गेला आणि फ्लॅट एक महिना रिकामा राहिला तर वाढीव भाड्याने मिळणारे साडेसत्तावीस हजार तिथेच संपले. वर रंगकाम, एजंट, नवा करार. भाडेकरू राहिला तर तो नाराज, गेला तर मालक तोट्यात. दर ११ महिन्यांनी ज्याची कमाई नक्की असते असा एकच माणूस या व्यवहारात आहे आणि नूतनीकरणाची आठवण करून देणारा फोनही त्याचाच असतो.

मालक खरेच मालामाल होतो का?

एक-दोन फ्लॅट असलेला मालक तरी नाही. ८० लाखांच्या फ्लॅटला २५ हजार भाडे म्हणजे वर्षाला ३ लाख, पावणेचार टक्के. सोसायटीचा मेंटेनन्स महिना ३ हजार धरा, मालमत्ता कर १५ हजार, एक महिना घर रिकामे. उरतात सव्वादोन लाखांच्या आसपास, म्हणजे २.८ टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. त्या फ्लॅटवर ६० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी असेल तर हप्ता सुमारे ५२ हजार येतो. भाड्यातून त्याचा निम्माच भाग निघतो. निवृत्त शिक्षकासाठी तोच फ्लॅट म्हणजे पेन्शन असते आणि औषधांचा खर्च भाड्याच्या तारखेवर अवलंबून असतो. अर्थात किंमत वाढेल या आशेने घर त्यानेच घेतलेले असते. गुंतवणुकीचे चुकलेले गणित भाडेकरूने भरून द्यावे, ही अपेक्षा रास्त नाही.

सोसायट्याही हात धुऊन घेतात. घर भाड्याने दिले की बिनभोगवटा शुल्क लागते. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याहून जास्त आकारणी होत असेल तर मालकाने बिल तपासावे, कारण ती रक्कम शेवटी भाड्यातच मिसळते.

केंद्राच्या नव्या नियमांचे काय?

‘आता दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येणार नाही’ असे मेसेज अधूनमधून मोबाइलवर फिरतात. त्यांचे मूळ आदर्श भाडेकरार कायद्यात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये तो मंजूर केला. निवासी जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे डिपॉझिट, भाडेवाढीआधी ३ महिन्यांची नोटीस, वादांसाठी स्वतंत्र भाडे न्यायालय अशा तरतुदी त्यात आहेत. भाड्याला कमाल मर्यादा त्यातही नाही. पण हा नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यामुळे तो मेसेज दाखवून डिपॉझिट कमी करून मागता येणार नाही.

राज्याला पूर्ण नवा कायदा आणायचा नसेल तरी एक गोष्ट सहज करता येईल. कलम २४ चा सक्षम प्राधिकारी आहेच. करार ऑनलाइन नोंदवलेला आहे, त्यात डिपॉझिटची रक्कम लिहिलेली आहे. ताबा परत मागण्याबरोबर डिपॉझिट परत मागण्याचा अर्जही त्याच प्राधिकाऱ्याकडे करण्याची सोय दुरुस्तीने द्यावी. भाडे गोठवण्याचा उपाय मुंबईने करून पाहिला आहे. पडक्या इमारतींच्या रूपाने तो अजून उभा आहे.

तोवर करता येण्यासारखे काय?

मुदत वाढवणे. लिव्ह अँड लायसन्स करार ६० महिन्यांपर्यंत करता येतो. वरच्याच उदाहरणात ३६ महिन्यांचा करार करून दरवर्षी ६ टक्के वाढ आधीच लिहिली, तर भाडे २५ हजार, मग साडेसव्वीस हजार आणि तिसऱ्या वर्षी २८,०९० होते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के लागते, म्हणजे सुमारे २,४६० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. ११ महिन्यांच्या प्रत्येक करारावर हीच दोन शुल्के मिळून १,७०० च्या घरात जातात. तीन वेळा केले तर ५ हजारांच्या वर आणि एजंटचे पैसे निराळे.

मालकाची एक शंका रास्त आहे. मध्येच मुलाचे लग्न ठरले, घर लागले तर? करारात दोन महिन्यांच्या नोटिशीचे कलम टाकता येते. मात्र कलम २४ ची भाषा मुदत संपल्यानंतरच्या ताब्याची आहे. त्यामुळे घर नजीकच्या काळात लागण्याची शक्यता असेल त्याने ३६ ऐवजी २२ किंवा २४ महिने धरावेत. भाडेकरूने पहिले ६ महिने किंवा वर्षभर न सोडण्याची अट मान्य करावी, म्हणजे मालकाचाही जीव भांड्यात पडतो.

रंगकामाचे पैसे कापणार असतील तर किती, डिपॉझिट चावी दिल्यावर किती दिवसांत, ही दोन्ही वाक्ये करारात आकड्यांसह हवीत. राहायला जाताना भिंती, नळ, गिझर, किचन ट्रॉली यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवावा. सोडतानाही तेच करावे. एजंटच्या मसुद्यात ‘कालावधी’समोर ११ आधीच छापलेले असते. सही करण्यापूर्वी तो आकडा बदलून मागता येतो.