दारणेतला मासा

मे २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभरच्या मत्स्यपालकांना साद घातली. मादागास्करच्या मांगाराहारा नदीतल्या, सिक्लिड कुळातल्या एका माशाचे दोन नर त्यांच्या टाकीत उरले होते आणि कुणाकडे मादी आहे का, अशी विचारणा होती. धरणे आणि शेतीसाठी वळवलेले पाणी यांमुळे मूळ नदीच आटली होती. त्याच वर्षी मादागास्करमध्ये शोध घेतला गेला आणि आडबाजूच्या एका प्रवाहात थोडे मासे सापडले.

नाशिकच्या पंचवटीत बसून हे लिहायचे कारण दारणा नदी. ती जिथून वाहते ती देवळाली इथून दूर नाही. तिथल्या माशांवर सुंदरलाल होरा आणि के. एस. मिश्रा यांनी १९३८ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि दारणेतल्या एका नव्या जातीचे वर्णन केले : पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी. सोसायटीचे क्युरेटर एस. एच. प्रेटर यांचे नाव तिला मिळाले. खळाळत्या, दगडगोट्यांच्या पाण्यातला हा इवलासा मासा. तोंड खालच्या अंगाला, छातीचे पर आडवे पसरलेले. प्रवाहात दगडाला धरून राहायची सारी घडण. आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गात आहे, म्हणजे वाघाच्याही पुढच्या धोक्यात. नाशिकच्या शाळांत त्याचे चित्र लागलेले मी पाहिलेले नाही.

आपल्या नद्यांत सहज दिसतो तो दुसराच, चिलापी ऊर्फ तिलापिया. हाही सिक्लिडच, मूळ आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. मादी फलित अंडी तोंडात धरते, पिल्ले पोहू लागेपर्यंत जवळपास उपाशी राहते. इतक्या जपणुकीमुळे त्याची पिल्ले भरपूर वाचतात. घाण पाणी, कमी प्राणवायू त्याला चालतो. ज्या पाण्यात सांडपाणी मिसळते तिथे तो तग धरतो आणि दगडाला धरून राहणारा मासा हरतो. खेदाची गोष्ट अशी, की मूळ आफ्रिकेत हा मोझांबिक तिलापियाही आता असुरक्षित ठरला आहे. तिथल्या नद्यांत नाइल तिलापिया सोडला गेला, संकर झाला आणि त्याचा अस्सल वंश विरत चालला. मासा कुठला आणि नदी कुठली याचा हिशेब न ठेवता केलेली उचल-ठेव दोन्हीकडे महाग पडते.

भाविक गोदेत माशांना कणकेचे गोळे घालतात, ती भावना खरी आहे आणि ती मोडायची नाही. पण माशाला कणकेआधी तळ लागतो. गोदापात्रातल्या कुंडांचा तळ काँक्रीटने झाकला गेला, आणि तो मोकळा व्हावा म्हणून नाशिककरांना न्यायालयात जावे लागले. तळाखालचे झरे आणि कपारी हेच लहान माशांचे घर. काँक्रीट ओतताना ते घर कुणी मोजले नव्हते.

आता २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. घाट, रस्ते, मलनिस्सारण यांवर मोठा खर्च होईल, आणि मलनिस्सारणाचा तर व्हायलाच हवा. त्याच आराखड्यात एक छोटी रक्कम दारणा आणि गोदेच्या वरच्या ओढ्यांतल्या माशांच्या पाहणीसाठी वेगळी काढावी. पावसाळा सरल्यावर एकदा, भर उन्हाळ्यात एकदा. नाशिकच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि नदीकाठचे मच्छीमार एकत्र उतरले तर काम अवघड नाही. कुठल्या डोहात काय लागते हे मच्छीमारांना पाठ असते. पाहणीत तो दारणेतला मासा मिळाला तर त्या ओढ्यातली वाळू आणि दगड उपसणे त्याच दिवशी थांबवावे, आणि त्या पाण्यात बाहेरचे मत्स्यबीज सोडण्यास बंदी करावी. नाही मिळाला, तर तेही जाहीर छापावे, गावाच्या नावासह.