उमेदीचे दूरशिक्षण

मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांतून वाळवा तालुक्यातील आष्ट्यासारख्या ऊसपट्ट्यातील गावापर्यंत येऊन पोहोचला. त्याच्यामागोमाग घरबसल्या उमेद वाढविणारी ऑनलाइन प्रशिक्षणेही आली. पहाटे उठावे, दिवसाचा आराखडा करावा, काम पुरे होताच स्वतःला बक्षीस द्यावे, असा त्यांचा उपदेश असतो. उपदेश वाईट नाही. निदान चुकीचे आहे.

शांघायच्या सीट्रिप कंपनीत निकोलस ब्लूम प्रभृती अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सुधारली, हा आकडा मोठ्या हौसेने सांगितला जातो. घरात कामासाठी स्वतंत्र खोली हवी, ही त्यातील अट मात्र सहसा सांगितली जात नाही. शिवाय पुढे निवडीची मुभा मिळताच अनेकांनी एकाकीपणाला कंटाळून पुन्हा कचेरीची वाट धरली. उलटपक्षी, चेन्नईत माहिती-नोंदणी करणाऱ्या नवख्या कामगारांवरील, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरी बसविलेल्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. आणि ज्यांना घरच हवे होते, त्यांचीच घसरण अधिक झाली. घर मागण्यामागे पुष्कळदा हौस नसते, घरची जबाबदारी असते.

आष्ट्यातील सुनेने सोप्यात संगणक उघडला की पाहुणा येतो आणि चहा टाकायला तीच उठते. ‘घरी आहे म्हणजे मोकळी आहे’ ही समजूत कोणते प्रशिक्षण पुसणार? सोलापुरातील विडी वळणाऱ्या स्त्रिया पिढ्यान्पिढ्या घरूनच काम करीत आल्या. त्यांना स्वयंप्रेरणेचे पाठ कोणी दिले नाहीत. हजार विड्यांमागे ठरलेली मजुरी तेवढी पुरेशी ठरली. ती व्यवस्था न्याय्य होती असे मुळीच नव्हे, कारण विडी कामगारांच्या संरक्षणार्थ १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु कामाचे माप आणि मोबदला स्पष्ट असला म्हणजे उमेदीची चर्चा फारशी उरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

माप धूसर ठेवायचे, वीज, जागा व जोडणीचा भार कुटुंबावर टाकायचा आणि काम रेंगाळले की दोष मनोबळाला द्यायचा, हा व्यवहार मालकाला स्वस्त पडतो. आष्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नगरपालिका आहे. शांत बैठक, अखंड वीज आणि चार सहकाऱ्यांची सोबत देणारे एखादे सामायिक सभागृह तेथे उभे राहणे अशक्य नाही. प्रशिक्षणाचे शुल्क भरणाऱ्या कंपन्यांनी ती रक्कम त्याच्या भाड्यापोटी द्यावी.