मोजणीत राहून गेलेली एक

२५ जुलै २०२१. टोकियो ऑलिंपिकमधील महिलांच्या सायकल-शर्यतीची अंतिम रेषा ओलांडताना नेदरलँड्सच्या आनेमीक व्हान फ्लुटेनने विजयी मुद्रेने हात उंचावले. सुवर्णपदक मात्र सव्वा मिनिट आधीच ऑस्ट्रियाच्या आना कीझेनहोफरने पटकावले होते. आरंभीच पुढे निसटलेल्या पाच जणींपैकी एक अद्याप गाठायची राहिली आहे, हे आनेमीकच्या ध्यानी आले नव्हते. ऑलिंपिकमध्ये सायकलपटूंच्या कानी रेडिओ नसतो. मोजणी चुकली, आणि तीही गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या स्त्रीसमोर!

२०१६ साली रिओमध्ये आघाडीवर असताना ती उतारावर कोसळली होती. कण्याची हाडे तीन ठिकाणी मोडली होती. त्यापुढे टोकियोचे दुःख लहान म्हणवत नाही. पडणाऱ्याला निदान सहानुभूती लाभते. अवेळी उंचावलेले हात साऱ्या जगाने पाहिलेले असतात.

तीनच दिवसांनी तिने घड्याळाविरुद्धची वैयक्तिक शर्यत जिंकून सुवर्ण मिळवले. पुढील वर्षी वोलोंगाँगच्या जागतिक स्पर्धेत, मोडलेल्या कोपरानिशी, अखेरच्या किलोमीटरमध्ये मुसंडी मारून एकोणचाळिसाव्या वर्षी ती विश्वविजेती ठरली. त्या वेळी पुढे खरोखरच कोणी नव्हते.