भय हाच पुरावा?

न्यायासनाने एखाद्या आरोपीस निर्दोष म्हणून सोडिले म्हणजे त्या आरोपीपुरता खटला संपतो; परंतु ज्या समाजात ती घटना घडली त्या समाजाची चौकशी तेवढ्याने संपतेच असे नाही. अमेरिकेच्या फ्लोरिडा संस्थानात १३ जुलै २०१३ रोजी जॉर्ज झिमरमन याच्या खटल्याचा जो निकाल लागला, त्याने हे सत्य जितके उघड केले तितके फारच थोड्या निकालांनी केले असेल. त्या निकालाने त्या देशात उसळलेला क्षोभ रास्त होता काय, आणि रास्त असल्यास त्याचा रोख कोणावर असावयास पाहिजे होता, याचा शांतपणे विचार करणे आपल्याकडील सुज्ञ नागरिकांसही बोधप्रद होईल, असे आम्हांस वाटते.

हकीकत थोडक्यात अशी. २६ फेब्रुवारी २०१२ च्या संध्याकाळी सॅनफर्ड या गावी ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पावसातून दुकानातून परत येत होता. त्याच्यापाशी गोळ्यांची एक पुडी आणि सरबताचा एक डबा, याखेरीज काही नव्हते. तो वडिलांबरोबर ज्या वस्तीत उतरला होता, त्याच वस्तीवर नजर ठेवणारा झिमरमन हा हौशी पहारेकरी होता व त्याच्यापाशी परवान्याचे पिस्तुल होते. त्यास मुलगा संशयास्पद वाटला. त्याने पोलिसांस दूरध्वनी केला. पाठलाग करण्याची गरज नाही असे त्यास तिकडून सांगण्यात आले. पुढे काही मिनिटांतच दोघांची झटापट झाली, छातीत एक गोळी लागली आणि मुलगा जागच्या जागी गतप्राण झाला. मारणाऱ्याने आत्मसंरक्षणाची सबब सांगितली व पोलिसांनी ती मान्य करून त्यास घरी जाऊ दिले. वीस लाखांहून अधिक लोकांनी सह्या करून दाद मागितली, जागोजाग मोर्चे निघाले, तेव्हा कोठे सहा आठवड्यांनंतर, ११ एप्रिल रोजी, त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला.

खटला रीतसर चालला. सहा स्त्रियांची ज्यूरी बसली. त्यांपैकी पाच गौरवर्णीय होत्या. झिमरमनच्या नाकास व डोक्याच्या मागील भागास जखमा झाल्याचे पुराव्यात आले. झटापट प्रथम कोणी सुरू केली हे निश्चितपणे सांगणारा साक्षीदार नव्हता. जो सांगू शकला असता तो मृत्युमुखी पडला होता. सोळा तासांहून अधिक विचारविनिमय करून ज्यूरीने 'दोषी नाही' असा निर्णय दिला. त्यांच्यापैकी एका स्त्रीने पुढे जाहीरपणे सांगितले की, आपले मन एक सांगत होते, परंतु न्यायाधीशांनी वाचून दाखविलेल्या कायद्याने आपले हात बांधले होते.

या निकालाबरोबर लोकमताचे दोन तट पडले. एका पक्षाने म्हटले की, कायद्याचे राज्य विजयी झाले व वृत्तपत्रांच्या गलबल्यापुढे ज्यूरी नमली नाही. शिवाय आरोपीची आई मूळची पेरू देशातील, तेव्हा हा काळ्या-गोऱ्यांचा तंटाच नव्हे. दुसऱ्या पक्षाने म्हटले की, काळ्या मुलाच्या प्राणाचे मोल या देशात शून्य आहे हेच न्यायासनाने शिक्कामोर्तब करून सांगितले. पुढील शनिवारी, २० जुलै रोजी, सुमारे शंभर शहरांत लोक जमले. काही ठिकाणी थोडीबहुत मोडतोड झाली. परंतु एकंदर निदर्शने शांततेचीच होती, आणि मृत मुलाच्या आईबापांनी तर स्वतः शांततेचेच आवाहन केले. पुत्रशोकाने होरपळलेल्या माणसांनी इतका संयम दाखवावा, ही त्या समाजास भूषणावह गोष्ट होय.

आमचे मत या दोन्ही पक्षांहून किंचित निराळे आहे. ज्यूरीने केलेल्या निवाड्यावर आमचा रोष नाही. आरोपीचा अपराध निःसंशय सिद्ध झाल्यावाचून त्यास शिक्षा देऊ नये, हे तत्त्व अनेक पिढ्यांच्या कष्टाने मिळविलेले आहे. आणि ते सैल केले तर पहिला बळी कोणाचा पडेल? अमेरिकेच्या तुरुंगांत कृष्णवर्णीयांचा भरणा त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी अधिक आहे. ज्या तत्त्वाने झिमरमन सुटला तेच तत्त्व उद्या एखाद्या निरपराध काळ्या तरुणाचे अखेरचे कवच असणार. म्हणून ते कवच मोडा असा धावा करणे म्हणजे रागाच्या भरात आपल्याच घराचे दार उखडणे होय. व्यापाऱ्यास हे सहज उमगेल. वर्षअखेरीस हिशेब जुळला नाही तर तो वही जाळीत नाही. चुकीची नोंद कोठे पडली आहे ती शोधून काढतो.

ती नोंद या प्रकरणी २००५ साली पडली. जुना दंडक असा होता की, घराबाहेर भांडण ओढवले व सुखरूप निघून जाणे शक्य असले, तर माणसाने निघून जावे. प्राणघातक शस्त्र हा अखेरचा उपाय. फ्लोरिडाने २००५ मध्ये हा दंडक काढून टाकला, व जेथे असण्याचा आपणांस हक्क आहे तेथून मागे हटण्याचे बंधन नाही, असा कायदा केला. वीसहून अधिक संस्थानांनी असलेच नियम पत्करिले. झिमरमनच्या वकिलांनी या कायद्याखाली स्वतंत्र सुनावणी मागितली नव्हती हे खरे. तथापि ज्यूरीस ज्या सूचना देण्यात आल्या त्यांत मागे हटण्याचे बंधन नसल्याचे कलम होतेच. याचा परिणाम काय होतो ते पाहावे. मारणाऱ्यास जिवाचे भय वाटले काय, आणि ते त्या परिस्थितीत सयुक्तिक होते काय, एवढ्यावर खटल्याची सारी भिस्त येते. म्हणजे भय हाच पुरावा होऊन बसतो.

आता भय हे काही आकाशातून पडत नाही. कोणास पाहून घाबरावे हे मूल समाजाकडूनच शिकते. ज्या देशात दोनशे वर्षांहून अधिक काळ गुलामगिरी चालली व तीनंतर शतकभर काळ्यांस वेगळ्या गाड्या, वेगळ्या शाळा, वेगळ्या पाणपोया नेमून दिल्या होत्या, तेथे अंधारातून चालणारा काळा मुलगा हा चोर असावा, ही भावना हवेतच मुरलेली असते. आणि त्या हवेत श्वास घेणाऱ्याची आई कोणत्या देशची, याने काही फरक पडत नाही. अध्यक्ष ओबामा यांनी ज्यूरीच्या निर्णयाचा मान राखूनच, निकालानंतर सहा दिवसांनी एक मार्मिक प्रश्न विचारला: तो मुलगा वयाने मोठा व सशस्त्र असता, आणि अनोळखी मनुष्य पाठलाग करीत आहे म्हणून भयाने त्यानेच गोळी झाडली असती, तर कायद्याने त्यासही हेच संरक्षण दिले असते काय? या प्रश्नास जो निःशंकपणे 'होय' म्हणू शकत नाही, त्याने कायद्यापुढे सर्व समान आहेत असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे.

याहून विलक्षण गोष्ट अशी की, आरोपीने मुलास संशयित ठरविले असे सरकारी वकिलांनी म्हणावे, परंतु वर्णावरून ठरविले असे म्हणू नये, असे न्यायाधीशांनी आरंभीच ठरवून दिले होते. १९५५ साली मिसिसिपी संस्थानात एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलास ठार मारणारे दोघे गोरे सुटले, तेव्हा ज्यूरीत एकही काळा मनुष्य नव्हता, आणि निर्णयास सुमारे एक तास पुरला. पुढे काही महिन्यांतच त्या दोघांनी एका मासिकात आपल्या कृत्याची कबुली दिली. त्या काळी काळ्या माणसास ज्यूरीच्या बाकावर बसू देत नसत. २०१३ साली माणसास मज्जाव नव्हता, परंतु वर्ण हा शब्द मात्र दाराबाहेर उभा राहिला. हा पालट मोठा खरा. तरी तो पुरता नव्हे.

आम्हां हिंदी लोकांस हा अनुभव अगदी परका नाही. ब्रिटिश अमदानीत गोऱ्या आरोपीस निम्मे तरी युरोपियन वा अमेरिकन पंच मागण्याचा हक्क १८८४ च्या कायद्याने दिला होता. पंखेवाला साहेबाच्या लाथेने मेला तर दोष त्याच्या वाढलेल्या प्लीहेचा, आणि शिकारीस निघालेल्या साहेबाच्या गोळीने खेडूत मेला तर दोष नशिबाचा, असल्या सबबी आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ ऐकिल्या. तो वर्णभेद १९२३ साली बराच कमी झाला व १९४९ च्या कायद्याने समूळ गेला. वर्तमानपत्रांनी व सभांनी ओरड केली नसती तर तो आपोआप गेला असता, असे म्हणण्यास आम्ही तयार नाही.

तेव्हा लोकक्षोभाचे चीज होते ते कायदा बदलण्यात. झिमरमनच्या सुटकेनंतर 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर', म्हणजे काळ्यांच्या जिवासही मोल आहे, ही घोषणा तीन स्त्रियांनी पुढे आणली. ती व्यर्थ गेली नाही. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जिया संस्थानात अहमॉड आर्बरी नावाचा निःशस्त्र काळा तरुण धावत जात असता तिघा गोऱ्यांनी पाठलाग करून त्यास गोळ्या घातल्या. तेथेही दोन महिन्यांहून अधिक काळ कोणास अटक नव्हती. तेथेही आत्मसंरक्षणाचीच सबब होती. परंतु चित्रफीत बाहेर आली, लोक उठले, आणि नागरिकाने नागरिकास पकडण्याची मुभा देणारा १८६३ चा कायदा २०२१ च्या मे महिन्यात रद्द झाला. त्याच वर्षी २४ नोव्हेंबर रोजी अकरा गोरे व एक काळा अशा ज्यूरीने तिघांसही दोषी ठरविले. ज्यूरीची पद्धत तीच, सिद्धतेची कसोटी तीच. लोक मात्र जागे होते. उलट फ्लोरिडाने २०१७ साली आपला कायदा आरोपीस अधिकच अनुकूल केला व २०२३ पासून परवान्यावाचून लपवून पिस्तुल बाळगण्यास मोकळीक दिली. एकाच देशात दोन संस्थाने दोन दिशांस जातात, यावरून हे दैव नसून मनुष्याचे कर्तृत्व आहे हे उघड होते.

आमच्या पेठांतूनही रात्री गस्त असते. गस्तवाल्याचे काम पाहण्याचे, हाक देण्याचे व पोलिसांस वर्दी देण्याचे. त्याच्या हाती पिस्तुल देऊन, तुला भय वाटले तर कायदा तुझ्या पाठीशी आहे असे सांगितले, तर पहिली गोळी गावातील कोणत्या वस्तीच्या मुलास लागेल, हे आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, काळ्यांस दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. पुण्यात बसून त्यांनी तेथील काळ्यांचे व येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख एकाच तागडीत तोलले. तीच तागडी आपण हाती धरावी. ज्या वर्षी झिमरमन सुटला त्याच वर्षी, ९ ऑक्टोबर २०१३ रोजी, बिहारातील लक्ष्मणपूर-बाथे येथील खटल्यात पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयाने दोषी ठरविलेल्या सर्व सव्वीस आरोपींस पुराव्याच्या अभावी सोडिले. १९९७ साली तेथे बंदुका घेऊन आलेल्या टोळीने अठ्ठावन्न दलितांस एका रात्रीत ठार मारिले होते. त्या निकालाच्या दिवशी आपल्या गावी किती लोक रस्त्यावर आले, किती दुकानांत त्याची चर्चा झाली, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे. दूरच्या अन्यायावर हळहळणे सोपे आहे. साक्षीदारांस संरक्षण, तपास वेळेवर, आणि शस्त्रांवर कडक नजर, या गोष्टी सरकारकडून करवून घेण्यास जो पुढे होईल, त्याचीच हळहळ खरी.