एंटर दाबायच्या आधी

मॅकवर आल्फ्रेड, विंडोजवर लाँची, लिनक्सवर रोफी. लाँचर कुठलाही घ्या, माऊसला हात न लावता चार अक्षरं बडवायची आणि काम उरकायचं, ही त्याची मजा. आल्फ्रेड २०१० मध्ये आला, त्याआधी मॅकवाले क्विकसिल्व्हरवर फिदा होते. बहुतेक जण मात्र लाँचर फक्त अ‍ॅप उघडायला वापरतात. माझ्या मते त्याची खरी गंमत टर्मिनलच्या कमांड चालवण्यात आहे.

आल्फ्रेडचा पॉवरपॅक (विकत घ्यावा लागतो बरं का) असेल तर > हे चिन्ह देऊन पुढे लिहिलेली कमांड थेट टर्मिनलमध्ये पळते. आयटर्म वापरत असाल तर सेटिंगमध्ये छोटीशी अ‍ॅपलस्क्रिप्ट टाकून तीच कमांड तिकडे वळवता येते. अ‍ॅपलस्क्रिप्ट १९९३ ची, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांपेक्षा वयाने मोठी!

पुढची पायरी म्हणजे वर्कफ्लो. कमांडला आपल्या पसंतीचं नाव द्यायचं. मी पडलो जळगावचा, त्यामुळे माझे कीवर्ड अहिराणी. गिट स्टेटससाठी 'कायशे'. ऑफिसातले पुणेकर हसतात, हसू देत. लक्षात तर राहतं :-)

आता मुद्द्याचं. टर्मिनलमध्ये कमांड लिहिताना ती आख्खी डोळ्यासमोर असते. लाँचरमध्ये दिसतो फक्त कीवर्ड. त्यात लाँचर तुमच्या सवयी बघून पर्याय वरखाली करतो आणि बोट तर सवयीने एंटरवरच असतं.

समजा फोल्डर पुसायची स्क्रिप्ट आहे आणि तुम्ही 'रावेर भाव' असं नाव दिलंत. स्क्रिप्टमध्ये ते नाव अवतरणाशिवाय जसंच्या तसं चिकटवलं असेल, तर शेलला मधल्या स्पेसमुळे दोन नावं दिसतात. 'रावेर' नावाचा वेगळा फोल्डर तिथे असला, तर वर्षभराचे केळीचे हिशोब गेले! नावात अर्धविराम आला तर पुढचा भाग शेल नवी कमांड समजतो. म्हणून आल्फ्रेडमध्ये इनपुट आर्गव्ही म्हणूनच घ्यावं आणि स्क्रिप्टमध्ये ते दुहेरी अवतरणात ठेवावं.

तरीही माझं मत असं, की बघायच्या कमांड लाँचरला द्याव्यात: स्टेटस, लॉग, डिस्कवरची जागा, आयपी पत्ता. ज्यांनी काही पुसलं जातं किंवा प्रॉडक्शनवर जातं, त्या टर्मिनलमध्येच हाताने लिहाव्यात. तिथे जाणारी पाच-दहा सेकंदं वाया जात नाहीत, तेवढ्या वेळात माणूस आपण काय करतोय ते एकदा वाचतो.

आणि हो, स्क्रिप्ट लाँचरच्या पोटात ठेवू नका. वेगळ्या फाईलमध्ये लिहा, गिटमध्ये टाका, लाँचरमधून फक्त हाक मारा. उद्या लाँचर बदलला तरी स्क्रिप्ट तुमचीच राहते. फक्त एक लक्षात ठेवा, लाँचर तुमची झेडएसएचआरसी फाईल वाचेलच असं नाही, तेव्हा प्रोग्रॅमचा पूर्ण पाथ द्या. नाहीतर 'कमांड नॉट फाउंड' बघत रविवार जायचा.