बैलजोडी कुठं गेली?

माझी नात सध्या अकरावीत आहे. २०२९ साली लोकसभेची निवडणूक ठरल्या वेळी झाली, तर ती पहिल्यांदा मतदान करेल. परवा जेवताना तिने विचारले, "आजोबा, मत माणसाला द्यायचं की पक्षाला?"

मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवले. खरे तर उत्तर तोंडावर असायला हवे होते. पण ताटातला वरणभात निवून गेला, तरी उत्तर काही सुचेना. सुचली ती एक जुनी आठवण.

१९७७ ची लोकसभा निवडणूक. मी तेव्हा नोकरीत नवा, आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीचे काम चुकत नसे. एका खेड्यातल्या शाळेत आमचे केंद्र होते. एक म्हातारी मतपत्रिका हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मग मला म्हणाली, "मास्तर, बैलजोडी कुठं गेली?"

बैलजोडी जाऊन तेव्हा बरीच वर्षे झाली होती. १९६९ साली काँग्रेस फुटली, त्या भांडणात ते चिन्ह गोठले आणि १९७१ ला इंदिराबाईंचा पक्ष गाय-वासरू घेऊन उभा राहिला. समोरच्या जनता पक्षाकडे तर स्वतःचे चिन्हच नव्हते, तो लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढत होता. हे सगळे म्हातारीला मी कसे सांगणार? नियमाने सांगताही येत नव्हते. "आजी, कागदावर जी चित्रं आहेत त्यांतलंच एक निवडा," एवढेच म्हणालो. तिने शिक्का मारला आणि ती गेली.

२०२४ साली आमच्या गल्लीतले लोक जवळजवळ तोच प्रश्न विचारत होते. धनुष्यबाण आता कोणाचा? घड्याळ कोणाकडे? मशाल कोणाची आणि तुतारी कोणाची? मला ती म्हातारी फार आठवली.

पण मंडळी, या दोन गोष्टींत एक मोठा फरक आहे. म्हातारीची बैलजोडी मतदानाच्या आधी गेली होती. जे काही बदलले होते ते तिच्यासमोर कागदावर होते आणि ते पाहून निवड तिनेच केली. महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ साली दोन पक्ष फुटले, ते मत देऊन झाल्यावर. २०१९ ला शिवसेनेचे १८ खासदार निवडून आले होते. जुलै २०२२ मध्ये त्यांतले १२ शिंदे गटात गेले. बरोबर कोण, चूक कोण, याचा निवाडा मी इथे करत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे, की ज्यांनी मत दिले त्यांना कोणी विचारले का?

हा रोग एका पक्षाचा नाही. जुलै २०१९ मध्ये गोव्यात काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी त्या पक्षाने आपल्या उमेदवारांना देवळात, क्रूसापुढे आणि दर्ग्यात नेऊन निष्ठेच्या शपथा घ्यायला लावल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ पुन्हा गेले! आणि काँग्रेसने काय केले? २०१९ सालीच राजस्थानात बहुजन समाज पक्षाचे सहाच्या सहा आमदार तिने आपल्यात घेतले. आपला जातो तेव्हा तो गद्दार आणि दुसऱ्याचा येतो तेव्हा त्याचे मतपरिवर्तन, ही भाषा सगळ्याच पक्षांची आहे.

कायदा नाही असे नाही. १९८५ ला पक्षांतरबंदी आली. तेव्हा एक तृतीयांश सदस्य फुटले तर चालत असे. २००३ च्या घटनादुरुस्तीने ती वाट बंद केली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट उघडी राहिली. म्हणजे एकट्याने उडी मारली तर पद जाते, आणि घोळक्याने मारली तर मंत्रिपद मिळू शकते. वर्गात एकाने कॉपी केली तर शिक्षा आणि दोन तृतीयांश वर्गाने केली तर सगळे पास, असा नियम मी लावला असता तर पालकांनी मला शाळेत ठेवले असते का? शिवाय निर्णय द्यायचा तो अध्यक्षांनी, आणि अध्यक्ष बहुधा सत्ताधारी पक्षाचाच. असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली काढावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. तरीही वेळकाढूपणा संपलेला नाही.

२०२९ साठी हे महत्त्वाचे का? २०२४ ला भाजपला २४० जागा मिळाल्या, काँग्रेसला ९९. बहुमताला लागतात २७२. सरकार उभे राहिले ते तेलुगू देसमच्या १६ आणि संयुक्त जनता दलाच्या १२ खासदारांसारख्या टेकूंवर. पुढच्या वेळीही कौल असाच तुटक आला, तर बारा-पंधरा खासदारांच्या पक्षाला सोन्याचा भाव येईल. आणि १२ चे दोन तृतीयांश म्हणजे फक्त ८. आठ माणसे एका रात्रीत दिल्लीचा कौल फिरवू शकतील.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगायला हवी. खासदाराला पक्षाशी कायमचे जखडून ठेवले तर तो नंदीबैल होतो. आजही पक्षादेश निघाला की प्रत्येक विधेयकावर त्याला मान डोलवावी लागते. १९९० साली दिनेश गोस्वामी समितीने सुचवले होते, की सभागृहातल्या मतदानावरून अपात्र ठरवायचे ते फक्त विश्वास किंवा अविश्वास ठरावापुरते. मला ते पटते. विधेयकावर खासदाराने खुशाल पक्षाविरुद्ध बोलावे, मतही द्यावे. पण पक्षच सोडायचा असेल तर आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा आमच्या दारात यावे. मग तो एकटा असो की घोळक्यात. पटले तर आम्हीच त्याला परत पाठवू.

पोटनिवडणुकांना खर्च येतो म्हणतात. येऊ दे की! मतदाराला न विचारण्यापेक्षा तो खर्च परवडला.

तेव्हा २०२९ ला जो कोणी हात जोडून दारात येईल, त्याला मी रस्ता, पाणी, वीज यांच्या आधी हे विचारणार आहे: "पक्ष सोडायची वेळ आली तर राजीनामा देऊन पुन्हा आमच्याकडे येणार का? आणि तसे तुमच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात लिहिले आहे का?" शपथ नको. देवळातल्या शपथांचे काय होते ते गोव्याने पाहिले आहे. कायदा बदलण्याचे लेखी वचन हवे.

नातीला दुसऱ्या दिवशी सांगितले, "बाळ, मत माणूस आणि पक्ष दोघे मिळून आहेत त्या जोडीला द्यायचं. जोडी फुटली, तर मत परत मागायचा हक्क तुझा आहे."

ती म्हणाली, "पण आजोबा, परत कुठे मागता येतं?"

तेच तर. ती मतदान करेपर्यंत तरी ते मागता यावे, एवढीच या म्हाताऱ्याची इच्छा आहे.